बंधाऱ्याला माशांची वाट ठेवायची की नको? (चढणीचे मासे विरुद्ध चिलापी)

कोंडावरचा | २३ मे, रात्री ९.५०

मंडळी, गावात सध्या एकाच गोष्टीवरून भांडण आहे आणि दोन्ही बाजूंना माझे सख्खे चुलते आहेत. म्हणून इथे विचारतोय.

आमच्या वाडीखालून एक व्हाळ जातो, पुढे गड नदीला मिळतो. त्यावर कोल्हापूर पद्धतीचा छोटा बंधारा आहे, मी कॉलेजात असताना बांधलेला. बंधाऱ्याच्या वर दीडेक किलोमीटरवर देवाची कोंड, म्हणजे राखलेला डोह. तिथे कोणी गरीसुद्धा टाकत नाही, पूर्वापार. बंधाऱ्याच्या खाली एकाने शेततळ्यात मासे सोडलेत. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तळं भरून वाहिलं आणि तेव्हापासून खालच्या व्हाळात चिलापीच चिलापी (तिलापिया, बाहेरून आणलेला मासा).

आता बंधाऱ्याच्या दुरुस्तीला पैसे आलेत. मोठ्या काकांचं म्हणणं, आलेच आहेत तर कडेने दगडांचा उतार करून घ्या, चढणीच्या माशांना, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला उलटे वर येतात त्यांना, वाट होईल. धाकटे काका म्हणतात, वाट केलीत की पहिली चिलापी चढेल आणि देवाच्या कोंडीत तिचंच राज्य होईल. भिंत आहे म्हणून कोंड वाचलीय.

दोघांचंही ऐकताना पटतं. तुमच्या गावाकडचे अनुभव सांगा.

तिरफळ

वाट ठेवा. वाटेच्या वरच्या टोकाला मला एक खुर्ची ठेवा. कढई मी आणतो.

सुंगटाचां_सार

आमच्या लहानपणी मिरग लागलो आणि पयलो मोठो पावस पडलो की रात्री कोण घरात ऱ्हवा नाय. आजो पेट्रोमॅक्स घेय, बापूस खोईन, आणि आमी पोरां मागसून पिशवी घेवन. व्हाळाचा पाणी तांबडा जाला की मळये चढाक लागत. इतके, की पायाक लागान गुदगुल्ये करीत. भाताच्या कोपऱ्यात सुदा मासे.

बंधारो जालो तेच्या दुसऱ्या वर्षापासून येतत ते भिंतीखालच्या खड्ड्यात साठतत. थंय चार पोरां पाग (फेकूचा जाळा) घेवन बसली की वीस मिनटात खेळ खलास. वर काय चढतला, कप्पाळ? माका इचारशात तर वाट ठेवा. चिलापीचा मगे बघू.

तळेवाला | २३ मे, रात्री ११.१५

आलं का परत तळेवाल्यांवर? पुरात तळं फुटतं ते काय आम्ही मजा म्हणून फोडतो का? माझं स्वतःचं एका रात्रीत कटला-रोहूचं दीड वर्षांचं पीक वाहून गेलं. आणि चिलापी मी सोडलेली नाही. बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) पिशवीत मिसळून आली. पिशवी उघडेपर्यंत कोणाला कळतंय?

कोंडावरचा

दादा, तुमच्यावर नाही हो. आमच्याकडच्या तळ्याचं बोलतोय.

तळेवाला

सगळ्यांचं असंच सुरू होतं.

मत्स्यविद्यार्थी | २४ मे, सकाळी ७.३०

मी रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. परीक्षा संपलीय, त्यामुळे लांब लिहितो.

आधी व्हाळातून कोण कोण ये-जा करतं ते बघू. 'मासे चढतात' असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले चढणीचे मासे. मळये, शिंगट्या, मरळ वगैरे. हे गोड्या पाण्यातलेच. पहिल्या गढूळ पाण्याबरोबर वरच्या उथळ पाण्यात, शेतात जाऊन अंडी घालतात. त्यांचा प्रवास एक-दोन किलोमीटरचा असेल, पण वेळ ठरलेली. ती चुकली की त्या वर्षीचं गेलं.

दुसरे खाडीशी नातं असलेले. वाम, म्हणजे पुस्तकात जिला अहीर म्हणतात ती नदीतली. ती वर्षानुवर्षं नदीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते, पिल्लं परत चढतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचंही असंच. मादी अंडी घेऊन मचूळ पाण्यापर्यंत खाली येते, कारण पिल्लांना सुरुवातीला खारटपणा लागतो. नंतर ती बारकी कोळंबी काठाकाठाने वर येते. जिताडासुद्धा लहानपणी गोड्या पाण्यात शिरतो. म्हणजे बंधारा फक्त वर जाणाऱ्यांना अडवतो असं नाही, खाली येणाऱ्यांनाही अडवतो. हे दुसरं कोणाच्या लक्षात येत नाही, कारण खाली जाणारा मासा भिंतीला धडका मारताना दिसत नाही.

तिसरी चिलापी. १९५२ मध्ये आपल्या देशात आणली, मूळची आफ्रिकेतली. नर तळाशी बशीसारखा खड्डा करतो, मादी अंडी तोंडात ठेवून सांभाळते. त्यामुळे बाकीच्यांच्या अंड्यांवर जी संकटं येतात ती हिच्या अंड्यांवर कमी. खारं, मचूळ, गढूळ, सगळं चालतं. फक्त एक गोष्ट तिला मनापासून आवडते: साचलेलं, उबदार, संथ पाणी. आणि बंधाऱ्याच्या मागे आपण नेमकं तेच तयार करतो.

म्हणून दादा, तुमच्या धाकट्या काकांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. भिंत चिलापीला अडवते. पण भिंतीमागचं पाणी तिच्यासाठी घर बांधून ठेवतं. कोणी एक जोडी वर नेऊन सोडली की पुढे भिंतीचा उपयोग शून्य.

तिरफळ

म्हणजे आपण फ्लॅट बांधून ठेवलाय, फक्त चावी द्यायची बाकी.

हायड्रॉलिक_अण्णा | २४ मे, दुपारी १२.०५

तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, तेव्हा थोडं बोलतो.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ही भिंत नव्हे. खाली काँक्रीटचा उंबरा, त्यावर खांब आणि खांबांच्या खाचांत बर्गे. तुमच्याकडे फळ्या म्हणत असाल. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधे माती ठासायचे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात घालायच्या आणि पावसाआधी काढून ठेवायच्या. पावसाळ्यात नदी खांबांमधून मोकळी वाहिली पाहिजे, रचनाच तशी आहे.

आता प्रश्न. तुमच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढतं कोण आणि कधी? चढण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. फळ्या काढायची वेळ मेअखेर. ही तारीख आठ दिवस पुढे गेली की मासे भिंतीखाली. माझ्या नोकरीत मी एकही बंधारा पाहिला नाही जिथे फळ्या वेळेवर निघाल्यात. ठेकेदार म्हणतो मजूर नाहीत, बागायतदार म्हणतो अजून चार दिवस पोफळीला पाणी द्या, ग्रामपंचायत म्हणते तुमचं तुम्ही बघा. पहिला पूर येतो, फळ्या वाकतात, काही वाहून जातात आणि मग नवीन फळ्यांचं अंदाजपत्रक.

आणि लोखंडी बर्गे असतील तर पुराची वाट बघावी लागत नाही. ते आधीच भंगारात गेलेले असतात.

सुंगटाचां_सार

अण्णानु, आमच्या बंधाऱ्याचे बर्गे एकाच्या गोठ्याच्या छपराक दिसतत. नाव घेणंय नाय. जावई आसा.

पेणची_पोर | २४ मे, रात्री ८.४०

सगळे बंधाऱ्याला शिव्या घालताहेत म्हणून दुसरी बाजू मांडते. मी खारेपाटातली. आमच्याकडे बांध नदीत आडवा नसतो, खाडीच्या कडेने असतो, भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून. त्याला मधे मधे उघाड्या. ओहोटीला झाप उघडते, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. साधी गोष्ट, पण त्यावर आमचा भात उभा आहे. खांड पडून खारं पाणी घुसलं की ते शेत पुढची काही वर्षं भाताचं राहत नाही. माझ्या आजोबांनी रात्री कंदील घेऊन खांड बुजवायला गेल्याच्या गोष्टी आम्ही झोपताना ऐकल्यात.

आता माशांचं. जिताड्याची, बोईटांची, कोळंबीची बारकी पिल्लं भरतीबरोबर आत शिरायची. पूर्वी उघाडी लाकडाची, फटी भरपूर, पिल्लं आत. पावसात शेतात, तळ्यात वाढायची. गौरी-गणपतीपर्यंत जिताडा हातभर. आमच्या भागात प्रत्येक घरामागे तळं आणि तळ्यात जिताडा ही पद्धतच. पाहुणा आला की तळ्यात जाळं. आता काही ठिकाणी नवीन पक्क्या झापा बसवल्यात, अगदी चपखल. पाणी थेंब गळत नाही आणि पिल्लूही येत नाही. जिताड्याचं बी आम्ही विकत आणतो.

म्हणून बांध काढा असं मी कधीच म्हणणार नाही. पण उघाडी किती वेळ आणि किती फट ठेवून मिटवायची, यात जीव आहे. अण्णा म्हणताहेत तेच.

घाटावरची

ताई, जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, हे खरं का? मी कुठेतरी ऐकलं होतं.

मत्स्यविद्यार्थी

खरं आहे. म्हणून मोठे जिताडे सगळे मारले की अंडी घालणारंच कोणी उरत नाही.

तिरफळ

आमच्या ऑफिसात उलटं असतं. मोठे झाले की कशाच्याच उपयोगाचे राहत नाहीत.

वाशिष्ठीकर | २५ मे, पहाटे ४.२० (इथे संध्याकाळ आहे)

मूळचा चिपळूणचा, गेली अकरा वर्षं मिशिगनमध्ये. कोंडावरचा, तुझ्या दोन काकांचं भांडण इथे शंभर वर्षं चालू आहे, खर्च करून.

इथे लॅम्प्रे नावाचा प्राणी आहे. दिसायला वामीसारखा, पण जबडाच नाही. गोल तोंड, आत दातांची वर्तुळं. मोठ्या माशाला चिकटतो आणि रक्त पितो. हा मूळचा अटलांटिकचा. इथल्या मोठ्या तळ्यांपैकी ओंटारिओच्या वर त्याला नायगाऱ्याचा धबधबा आडवा होता, म्हणून वरची सगळी तळी सुरक्षित. मग माणसाने जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालून वेलंड कालवा काढला. १९२१ मध्ये तो एरी तळ्यात सापडला आणि पुढच्या वीसेक वर्षांत वरच्या सगळ्या तळ्यांत पोचला. ट्राउट आणि व्हाइटफिशची मासेमारी बसली.

आता उपाय काय, तर अंडी घालायला तो ज्या नद्यांत चढतो तिथे एक तर १९५८ पासून पिल्लं मारणारं विशिष्ट औषध, नाहीतर छोटे बंधारे. छोटे म्हणजे खरंच छोटे. लॅम्प्रेला उडी मारता येत नाही. फूट-दीड फुटाची सरळ कड आणि वर बाहेर आलेला ओठ असला की तो थांबतो. सामन, ट्राउट उडी मारून वर जातात.

पण गंमत पुढे आहे. उडी न मारणारे इथले स्वतःचे मासेही त्या कडेशी थांबतात. सकर म्हणून एक आहे, स्टर्जन आहे. त्यांना कोणी वाईट म्हणत नाही, तरी त्यांची वाट बंद. म्हणून जुनं धरण पाडायचं ठरलं की एक गट म्हणतो नदी मोकळी करा, दुसरा म्हणतो लॅम्प्रे वर जाईल. दोघेही खरं बोलत असतात.

शिकागोजवळ तर कालव्यात वीज सोडलीय, चिनी कार्प तळ्यात येऊ नयेत म्हणून. हो, तोच चंदेरा (सिल्व्हर कार्प), जो आपल्याकडे हौसेने तळ्यात सोडतात. इथे बोट गेली की हवेत उड्या मारून माणसांच्या तोंडावर आपटतो.

तिरफळ

नदीत वीज सोडायचं तंत्र आमच्या गावात जुनं आहे. फक्त आकडा टाकून.

गरी_टाकून_बसलेला

धबधब्यावरून आठवलं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडात मुऱ्यासारखा एक छोटा मासा सापडला होता ना, २०२० मध्ये नाव दिलं, नंतर ती जागा वारसास्थळ जाहीर झाली. कोकणात असे कितीतरी असतील. तिथे कोणी गप्पी सोडले की संपलं.

घाटावरची

हिरण्यकेशी आमची! आंबोलीत उगम असला तरी ती पूर्वेला वाहते, घटप्रभेला मिळते आणि मग कृष्णेला. कोकणाचा मासा म्हणू नका. 😀

गरी_टाकून_बसलेला

बरं, मासा तुमचा. पाऊस आमचा.

मत्स्यविद्यार्थी

या भांडणात एक महत्त्वाची गोष्ट निसटतेय. सह्याद्रीची धार हाच सगळ्यात मोठा बंधारा आहे. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या नद्यांतले मासे तिने लाखो वर्षं वेगळे ठेवलेत. आणि वाशिष्ठीकर दादा, तुमच्या वेलंड कालव्याचा भाऊ तुमच्या गावातच आहे. कोयनेचं पाणी कृष्णेकडे जायचं ते बोगद्यातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीतून वाशिष्ठीत येतं. भिऱ्याला मुळशीचं पाणी कुंडलिकेत, तेही शंभरेक वर्षांपासून. बारमाही थंड पाणी, उन्हाळ्यातसुद्धा. त्यामुळे नदीचा उन्हाळाच गेला. ज्या माशांचं अख्खं वर्ष 'आटणं, मग अचानक लाल पाणी' या खुणेवर चालतं, त्यांना ती खूण पुसट झाली.

वाशिष्ठीकर

अरे खरंच. लहानपणी आम्ही मे महिन्यात वाशिष्ठीत पोहायचो आणि मुंबईचे पाहुणे म्हणायचे, तुमची नदी आटत कशी नाही! आम्हाला वाटायचं आमची नदीच भारी.

कोंडावरचा | २५ मे, रात्री १०.१०

माझा प्रश्न कुठे गेला? 🙂

सुंगटाचां_सार

पुरात वावान गेलो.

पालघरचा_पाहुणा

देवाच्या कोंडीवरून. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत देवळापाशी महसीर राखलेत, महाडकडे वाळणकोंडाच्या डोहात तसेच. हात घातला तर हाताशी येतात एवढे माणसाळलेले. पण राखलेला डोह म्हणजे पिंजरा नव्हे. महसीर पावसात डोह सोडून उथळ खडकाळ पाण्यात अंडी घालायला जातो. डोहाच्या वर-खाली वाट बंद झाली तर देव तरी काय करणार? भाकऱ्या खाऊन म्हातारे होतील तिथेच.

एक_सदस्य

एक अप्रिय बोलू का? इथे निम्मे लोक चढणीच्या माशांसाठी गळा काढताहेत आणि त्यातलेच जूनमध्ये गाबोळी भरलेल्या माशांचे फोटो टाकतात. पोटात अंडी असलेला मासा भिंतीखाली अडकतो आणि आपण टॉर्च घेऊन उभे. बंधाऱ्याने अडवलं, मारलं आपण. चिलापीला दोष देणं सोयीचं आहे.

तिरफळ

बोचलं. गेल्या वर्षीचा फोटो काढतोय.

सुंगटाचां_सार

खरां आसा. पण एक सांगतंय, पूर्वी सुदा खायचे. फरक ह्यो की तेवां मासे सगळ्या व्हाळात पसारलेले, दहा गावले तर शंभर वर जायचे. आता सगळे एका खड्ड्यात. बुटाच्या खोक्यातली चप्पल पकडूक कितीसो येळ लागतलो?

तळेवाला | २६ मे

माझंही ऐका जरा. चिलापी सोडणारे तळेवाले आहेत, नाकारत नाही. थाई (आफ्रिकन) मांगूर माशावर २००० मध्ये केंद्राने बंदी घातली, तरी अजून चोरून पाळतात, कारण ती हवा घेऊन जगते, घाणीत वाढते, खाद्याला खर्च नाही. मी पाळत नाही. पण तळ्याच्या सांडव्याला जाळी लावायची, पूररेषेत तळं खणायचं नाही, एवढं केलं तरी निम्मा प्रश्न मिटेल. याबद्दल बंधाऱ्याच्या बैठकीत कोणी बोलत नाही, कारण तळ्याला अनुदान दुसऱ्या खात्याचं.

हायड्रॉलिक_अण्णा

तळेवाले साहेब, पहिल्यांदा तुमच्याशी सहमत.

मत्स्यविद्यार्थी

कोंडावरचा दादा, सगळ्यांच्या मतापेक्षा एक काम करा. पाऊस यायच्या आत, पाणी नितळ आहे तोवर, बंधाऱ्याच्या वर जाऊन बघा. चिलापी असेल तर काठाजवळ, गुडघाभर पाण्यात, तळाच्या वाळूत ताटाएवढे गोल खड्डे दिसतील, एकाला लागून एक. सकाळी ऊन तिरकं असताना बघा. पोलराइज्ड गॉगल असेल तर उत्तम. मग कोंडीपर्यंत चालत जा. मधे एखादी धोंड, उंच कड आहे का तेही बघा.

कोंडावरचा | १ जून, संध्याकाळी ६.३०

गेलो होतो. सोबत धाकटे काका (विरोधी पक्ष), त्यांचा नातू आणि एक पाग.

फळ्यांच्या मागे पाणी साठलंय तिथे काठावर उभं राहिल्यावर आधी काहीच दिसेना. नातू म्हणाला, "आजोबा, कोणी ताटं मांडलीत." मोजले, अठ्ठावीस खड्डे. प्रत्येकावर एक काळपट नर, बाजूचा जवळ आला की अंगावर धावून जाणारा. काकांनी पाग टाकला, सात चिलापी आल्या. एकीच्या तोंडातून पिवळसर अंडी काकांच्या तळहातावर सांडली. काका बराच वेळ हात तसाच धरून उभे.

म्हणजे भिंत अजून आहे, फळ्या अजून आहेत आणि चिलापी वर आहे. कशी आली? नातू मान खाली घालून उभा. मग कळलं. वाडीतल्या पोरांनी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत खालच्या व्हाळातून बादलीने आणून सोडल्या. का, तर "वर मासे नव्हते म्हणून".

पुढे गेलो. कोंडीच्या अलीकडे एक धोंड आहे, तिच्यावरून पाणी दोन पुरुष खाली पडतं. लहानपणापासून बघतोय, कधी वेगळी वाटली नाही. धोंडीच्या खाली दोन चिलापी दिसल्या. वर कोंडीत एकही नाही. तिथे मळये आहेत, दगडाला चिकटणारे मुरे आहेत आणि कपारीत एक वाम, माझ्या मनगटाएवढी. बाकीच्यांचं सोडा, ही वाम दोन पुरुष कड चढून आली कशी?

मत्स्यविद्यार्थी

पिल्लू असताना. बोटभर वाम ओल्या शेवाळलेल्या खडकावर अंगाने चिकटून चढते. मोठी झाल्यावर तिला ते जमत नाही. मुऱ्यांचंही तसंच, ओला खडक मिळाला की पुरे.

म्हणजे तुमच्याकडे दोन अडथळे आहेत आणि आपण एकाबद्दलच भांडत होतो. निसर्गाची धोंड चिलापीला थांबवते आणि चढणाऱ्यांना जाऊ देते. माणसाची गुळगुळीत काँक्रीटची कड चढणाऱ्यांनाही थांबवते, आणि चिलापी बादलीतून वर जाते.

वाशिष्ठीकर

तुमची धोंड म्हणजे आमचा नायगारा. तिच्या बाजूने कोणाला पायऱ्या, कालवा, पाइप काही काढू देऊ नका. पर्यटनाच्या नावाखाली 'बारमाही धबधबा' करायला कोणी येईल, त्याला आधी चहा पाजून परत पाठवा.

हायड्रॉलिक_अण्णा | २ जून

आता उताराचं बोलू. उंबऱ्याच्या खाली पाण्याने खरवडून खड्डा पडलाय, बरोबर? उंबऱ्यापासून खालच्या पाण्यापर्यंत किती उंची आहे?

कोंडावरचा

आज मापली. अडीच फूट.

हायड्रॉलिक_अण्णा

मग कडेच्या एका गाळ्याखाली (गाळा म्हणजे दोन खांबांमधली जागा) दगडांचा उतार, एकास वीस. अडीच फुटांना पन्नास फूट लांबी. ठेकेदार एकास पाच करतो म्हणेल, ऐकू नका, त्यावरून फक्त पाणी धावतं. दगड मोठे, जागचेच, मधे मधे पाय ठेवायला जागा असावी असे उभे बसवायचे, म्हणजे माशाला दोन ढांगा मारून विसावायला डबकी मिळतात. वरून सिमेंटचा गिलावा करून 'फिनिशिंग' द्यायचं नाही. हे तीनदा सांगा, लेखी द्या.

आणि फळ्या काढा. आज दोन जून आहे.

धाकट्या_काकांचा_पुतण्या (म्हणजे मीच, कोंडावरचा, नाव बदलून बघितलं) | ९ जून, पहाटे २.१५

झोप येत नाही म्हणून लिहितोय.

संध्याकाळी साडेसातला ढग फुटल्यासारखा पाऊस. नऊच्या सुमारास व्हाळाचा आवाज बदलला. गेलो. फळ्या तशाच. ठेकेदाराचा फोन बंद. भिंतीखालच्या खड्ड्यात टॉर्च मारला तर पाणी दिसेना, नुसत्या पाठी. मळये काँक्रीटवर उड्या मारून आपटत होते, फट् फट्, कोणी ओलं फडकं आपटावं तसे. वर पाच-सहा पोरं पाग घेऊन तयार.

मोठे काका काही बोलायच्या आत धाकटे काका लुंगी खोचून खांबावर चढले. पहार मागितली. मी, नातू आणि त्या पोरांपैकी दोघं, सगळ्यांनी मिळून कडेच्या गाळ्यातल्या फळ्या वरून एकेक करून काढल्या. तिसरी काढताना मधली माती सुटली आणि पाणी असं घुसलं की काकांची चप्पल गड नदीकडे रवाना. साठलेलं संथ पाणी तासाभरात उतरलं. उंबऱ्याची अडीच फूट कड मात्र राहिली, तरी खालचं पाणी चढल्यावर तिचा फूटभरच उरला. पहिला मळया वर गेला तेव्हा पोरं ओरडली. पाग कोणी टाकला नाही. म्हणजे खरं सांगायचं तर एकाने टाकला, त्याला मोठ्या काकांनी एक ठेवून दिली.

जाता जाता नातवाने खांबाच्या ओल्या बाजूला टॉर्च मारला. शेवाळात करंगळीएवढं काहीतरी काळं, पाण्याच्या वर हातभर, सरळ उभं चढत होतं. थांबायचं, परत चढायचं.

तिरफळ

यावर मला विनोद सुचत नाहीये.

सुंगटाचां_सार

काकांची चप्पल खयच्या नंबराची? आमी खाली ऱ्हवतो, गावली तर ठेवतंय.

पेणची_पोर

चिलापीचं काय करणार पण? ती वर आहेच.

कोंडावरचा | ९ जून, सकाळी १०

पाणी उतरल्यावर खड्डे उघडे पडलेत. पोरांनीच आणल्या होत्या, पोरांनाच कामाला लावलंय, जेवढ्या मिळतील तेवढ्या काढायच्या. सगळ्या संपणार नाहीत हे माहीत आहे. दर उन्हाळ्यात काढू. चवीला चिखल लागतो म्हणून कोणी खात नाही, तिरफळ साहेब, काही उपाय?

तिरफळ

मीठ-हळद आणि कोकमाचं आगळ लावून तासभर ठेवा, पाणी फेका, मग लसणीचं वाटण आणि तव्यावर खरपूस. रस्सा करू नका. खड्ड्यावर बसणारा नर असेल तर दोन कोकमं जास्त.

कोंडावरचा

धन्यवाद. अण्णा, सोमवारी दुरुस्तीचे साहेब जागा बघायला येताहेत. उताराच्या दगडांचं माप आणि ते 'गिलावा नको' लेखी कसं लिहायचं, तेवढं आज संध्याकाळपर्यंत टाकाल का? धाकटे काका सही करतो म्हणालेत.